अनुराधपुरात लावलेला कौल

श्रीलंकेहून परत आल्यापासून गेले तीन-चार दिवस आमच्या कसालच्या बाजारात भेटणारा प्रत्येक जण आधी एकच विचारतो, "थय मासे कसे गावतत?" राजे, स्तूप, इतिहास यांची चौकशी त्यानंतर, आणि बऱ्याच जणांची ती होतच नाही. मी खरे तेच सांगतो. समुद्रकाठी उत्तम मिळतात, पण आम्ही राहिलो ते गाव समुद्रापासून लांब, तिथे तळ्यातले मासे खातात. एवढ्यावर ऐकणाऱ्याचा रस संपतो. ज्यांचा संपत नाही त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

आम्ही तिघे गेलो होतो. मी, माझी पत्नी सुलभा आणि माझी थोरली बहीण, जिला घरीदारी सगळे आक्का म्हणतात. माझी चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, खाण आहे. लांबी, रुंदी, उंची मनात घेतल्याशिवाय कुठलीही वस्तू पाहिल्यासारखी मला वाटत नाही, हा धंद्याचा दोष आहे आणि तो या लिखाणातही दिसेल. आक्का मसुऱ्याला असते. भावोजी गेल्यापासून भातशेती, काजू आणि थोडी आंब्याची कलमे ती एकटीच बघते. तिची मुलगी मेघना पुण्याला नोकरीला.

प्रवासाला निघालो तेव्हा आमच्या सामानाबरोबर एक न सुटलेला प्रश्नही होता. तो आधीच सांगतो, नाहीतर पुढचे काही कळणार नाही. मेघनाला संदेश नावाच्या मुलाशी लग्न करायचे आहे. मुलगा परका नाही. आक्काच्या घरासमोरचा मळा ओलांडला की बौद्धवाडी लागते, तिथला. दोघे एका शाळेत होते. आता तो पुण्याला बँकेत आहे. मुलात खोट काढायला आक्काला जागा नव्हती आणि तिने ती काढलीही नाही. ती एवढेच म्हणायची, "झील बरो आसा. पण त्या घरात जावन मी जेवतलंय कसा?" मेघनाने सांगितले होते की आईच्या होकाराशिवाय लग्न करणार नाही आणि दुसऱ्या कुणाशीही करणार नाही. संदेशच्या घरचे थांबून थांबून कंटाळले होते. माझी स्वतःची हरकत नव्हती आणि मी ती नाही असे सांगितलेही होते, पण मुलगी आक्काची.

शेवटी आक्काने तोडगा काढला, की देवाने कौल दिला तर आपली ना नाही. आमच्याकडे देवाच्या पाषाणावर उजव्या-डाव्या अंगाला फुलाच्या पाकळ्या ओल्या करून चिकटवतात आणि गाऱ्हाणे घालून मनातला प्रश्न सांगतात. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. अडचण अशी, की गाऱ्हाणे मोठ्याने घालायचे असते आणि देवळात गावकर मंडळी बसलेली असतात. प्रश्न देवाच्या आधी त्यांच्या कानावर जाणार. त्यामुळे शिमग्यापासून दिवाळीपर्यंत आक्का देवळात जाऊन नुसता नमस्कार करून परत येत होती.

तिकिटे मेघनानेच काढली. "आईला थोडे दिवस मसुऱ्याबाहेर ने, मामा," एवढेच तिने मला फोनवर सांगितले. जगातली सगळी ठिकाणे सोडून अनुराधपूरच का, हे तिने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. आक्काला मात्र विमानात बसल्या बसल्या उलगडा झाला होता. पट्टा आवळता आवळता ती मला म्हणाली, "माका येडी समाजता ता. आवशीक बुद्धाक दाखवन आणा म्हणान सांगल्यान आसतला तुका."

शिरवाळ्यांचे गाव

अनुराधपूर हे श्रीलंकेच्या उत्तरेकडचे जुने राजधानीचे शहर. शेकडो वर्षे तिथून राज्य चालले आणि मग ते रानात बुडाले. आता जुन्या शहराच्या जागी मोठमोठी झाडे, त्यांच्या मधून स्तूप आणि दगडी खांबांची वने, आणि बाजूला नवे गाव आहे. कोलंबोहून तिथपर्यंतच्या रस्त्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. माड, भाताची शेते आणि पुन्हा माड. सुलभा म्हणाली, "इतके पैसे घालवून आपण कुडाळलाच आलो काय?"

पहिल्या सकाळी गेस्टहाऊसच्या मालकिणीने ताटलीत शिरवाळे आणून ठेवले. तांदळाच्या पिठाचे, वाफवलेले, फक्त आमच्यापेक्षा बारीक आणि पुरीएवढ्या छोट्या चकत्यांत पाडलेले. त्यांना ते इंदिआप्पा म्हणतात. आक्का खूश झाली आणि लगेच नाराज झाली. "रस खंय आसा?" आमच्याकडे शिरवाळे नारळाच्या गोड रसात बुडवून खातात. इथे सोबत नारळाच्या दुधातली पिवळी डाळ आणि लालभडक तिखट खोबरे. आक्काने हाताच्या खुणांनी गूळ मागितला. आला तो काळपट, वड्यांचा. भेरली माडाचा गूळ आहे हे नंतर कळले. त्या माडाच्या झावळ्या आम्ही लग्नाच्या मंडपाला लावतो, त्यापुढे त्याचा काही उपयोग आम्हाला सुचलेला नाही. हे लोक त्याचा रस काढून काकवी करतात आणि म्हशीच्या दह्यावर ओतून खातात. आक्काने नारळाचे दूध मागवून त्यात तो गूळ कुस्करला आणि शिरवाळे बुडवून खाल्ले. मालकीण आणि स्वयंपाकीण दोघी दाराशी उभ्या राहून बघत होत्या. नंतर त्यांनीही एकेक घास खाऊन पाहिला. चेहऱ्यावरून त्यांना ते पटले नसावे.

आमच्या गाडीचा चालक निमल. साधारण माझ्याच वयाचा, जाडसर, सतत बोलणारा. बरीच वर्षे दुबईत काढल्यामुळे त्याला हिंदी येत होते. त्याचे बोलणे मी इथे मराठीतच देतो. त्याने आल्याबरोबर आमच्याकडे बघून सांगितले, की देवस्थानात जाताना लोक पांढरे कपडे घालतात, तुम्हीही घातले तर बरे. मी सदरा बदलला. आक्का तयार होईना.

"माझ्या आयेन घोव गेल्यावर पांढरा नेसान आयुष्य काढल्यान. मी नेसूचंय नाय."

मी निमलला सांगितले. त्याला त्यातले काही कळले नाही. पांढऱ्यात काय वाईट आहे, हा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर तसाच राहिला. सक्ती नाही, फिकट रंग चालेल, असे तो म्हणाला आणि आक्का फिकट निळे लुगडे नेसली. पण रुवनवेलिसाय नावाच्या मोठ्या पांढऱ्या स्तूपाशी पोचलो तेव्हा ती जागच्या जागी उभी राहिली. समोरून येणारे सगळेच पांढऱ्यात. तान्ही मुले, शाळेतल्या मुली, नवी लग्ने झालेल्या जोड्या, म्हाताऱ्या. हातात कमळे आणि निळी कुमुदे. "हंय सगळीच," एवढेच ती म्हणाली. वाक्य तिने पुरे केले नाही.

हा स्तूप म्हणजे उपडे ठेवलेले प्रचंड भांडे. भोवतीच्या चौथऱ्याच्या भिंतीला हत्तींची रांग, जणू तेच तो तोलून धरतात. चपला फार आधीच काढाव्या लागतात. दुपार होत आली होती आणि फरशी तव्यासारखी तापलेली. आमच्या आंगणेवाडीच्या जत्रेत रांगेत उभे राहिलेल्या माणसाच्या पायांना सवय असते असा माझा समज होता, तो तिथे खोटा निघाला. मी दोन्ही पायांवर आळीपाळीने नाचत सावलीकडे धावलो. आक्का शांतपणे चालत आली. तिची भातशेतीची टाच.

तेवढ्यात सुलभाने एक गोंधळ केला. छोट्या मंदिरातल्या बुद्धमूर्तीकडे पाठ करून, हसत, स्वतःचा फोटो काढायला गेली आणि पहारेकरी शिट्टी फुंकत धावला. मूर्तीकडे पाठ करून फोटो काढायचा नाही, हा इथला कडक नियम. मूर्तीचा काढा, तोंड तिच्याकडे करून. सुलभाने कान पकडले. आक्का म्हणाली, "बरोबरच आसा तेचा. देवाक पाठ कोण दाखयता?" नियम तिला लगेच पटला, आणि त्या दिवसापासून प्रत्येक मूर्तीसमोरून ती उलट्या पावलांनी बाहेर येऊ लागली.

माझा जीव अडकला तो दुसऱ्या स्तूपात. जेतवन त्याचे नाव. याला पांढरा गिलावा नाही, सगळी वीट उघडी. एके काळी जगातल्या सर्वांत उंच वास्तूंत त्याची गणना होत असे म्हणतात. एका बाजूला उभा राहून मी विटेची लांबी-जाडी वितीने घेतली, घेराचा अंदाज बांधला आणि आकडा काढायला बसलो. पोकळ नाही, आतून भरीव, हे निमलने सांगितल्यावर सगळे पुन्हा काढावे लागले. शेवटी हिशेब मी सोडून दिला. माझ्या खाणीतून आजवर निघालेला प्रत्येक चिरा इथे आणला असता तरी खालचा एखादा थरच झाला असता, एवढे कळले. ते कळल्यावर बरे वाटले की वाईट, सांगता येत नाही.

त्याहून आवडली ती भिक्षूंच्या अन्नछत्रातली भाताची डोण. एका जुन्या, छप्पर नसलेल्या इमारतीत दगडाची लांबच लांब कुंडी आहे. आमच्या घरापुढच्या खळ्याची एक बाजू भरेल एवढी. यात शिजवलेला भात ओतत आणि हजारो भिक्षू रांगेने आपापल्या पात्रात घेऊन जात. मी आत वाकून खोली पाहिली. मसुऱ्याला भंडाऱ्याच्या जेवणात जेवढी मोठी तपेली लागतात ती सगळी यात रिकामी केली तरी तळच झाकला असता.

"रोज?" आक्काने विचारले.

"रोज," निमल म्हणाला.

"आणि पंगतीत कोण खंय बसलो, ह्या कोण बघी?"

मी निमलला विचारले. त्याने खांदे उडवले. रांग होती, पंगत नव्हती, असे त्याचे म्हणणे. आक्का थोडा वेळ त्या डोणीच्या काठावर हात ठेवून उभी होती.

निमलच्या घरी

दुसऱ्या दिवशी निमलने आम्हाला घरी जेवायला नेले. हॉटेलात तुम्हाला परदेशी माणसांचे फिके जेवण देतील, तुम्ही खोबरे खाणारे, माझ्या बायकोच्या हातचे खा, असे तो आदल्या दिवसापासून म्हणत होता. घर शहराबाहेर, तळ्याच्या बांधाखाली. ही तळी या मुलुखातले दुसरे मोठे आश्चर्य. राजांनी बांधलेली, समुद्रासारखी पसरलेली, आणि त्यांच्या पाण्यावर आजही भात पिकतो. आमच्या धामापूरच्या तळ्याची आठवण झाली, पण धामापूर यातल्या एका कोपऱ्यात मावेल.

निमलच्या बायकोचे नाव चंद्रा. तिला हिंदी येत नव्हते आणि आक्काला मालवणीशिवाय काही बोलायची इच्छा नव्हती. तरी दोघी सरळ स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथून खोबरे खवण्याचा आवाज येऊ लागला. मी डोकावलो तेव्हा आक्का खवणीवर बसली होती आणि चंद्रा तिला थांबवायचा प्रयत्न करत होती.

जेवण जमिनीवर चटई घालून. लाल तांदळाचा भात, आमच्या उकड्या तांदळासारखा जाड. नारळाच्या दुधातली डाळ, कोवळ्या फणसाची भाजी, कसलासा पाला बारीक चिरून खोबऱ्यात घातलेला, आणि काळ्या आंबट मसाल्यातला मासा. आंबटपणाला त्यांनी घातले होते ते वाळवलेले काळे फळ चंद्राने आणून दाखवले. आक्काने ते हुंगले, चाटले आणि निकाल दिला, "आमच्या सोलांचो चुलतभाव." मासा मात्र तळ्यातला. आमच्या किनाऱ्यावरच्या माणसाला तळ्यातल्या माशाचा वास शेवाळाचा येतो. मी श्वास धरून घास घेतला. आक्काने दोन तुकडे खाल्ले आणि तिसरा वाढून घेतला.

मग चंद्राने मुलाबाळांची चौकशी काढली. निमल तिचे बोलणे हिंदीत सांगे, मी मालवणीत. मुले किती? एकच मुलगी. लग्न झाले? आक्का म्हणाली, नाही. एवढ्यावर ते संपायला हवे होते. पण सुलभाला गप्प बसवेना. तिने थेट निमलकडे बघून हिंदीत सांगितले, "मुलगा पाहिला आहे. चांगला आहे. बौद्ध आहे."

निमलने ते बायकोला सांगितले. चंद्राचा चेहरा असा उजळला, की आम्ही तिघेही ताटाकडे बघू लागलो. बौद्ध! ती उठली, कोपऱ्यातल्या छोट्या बुद्धमूर्तीपुढे हात जोडून काहीतरी पुटपुटली, आत जाऊन तांदळाच्या पिठाचे आणि गुळाचे तळलेले वडे एका डब्यात भरून आणले आणि आक्काच्या मांडीवर ठेवले. मुलीसाठी. मग आक्काचे दोन्ही हात आपल्या हातात घेऊन बराच वेळ बोलली. निमलने त्याचे थोडक्यात भाषांतर केले. "ती म्हणते, म्हणूनच तुम्ही इतक्या लांब आलात. मुलीच्या सासरचा देव बघायला."

आक्काने माझ्याकडे पाहिले. "रे बाबू, तेका सांग, तसा काय नाय म्हणान."

"कसे सांगू?"

"कसा म्हणजे? जां आसा तां सांग."

मुलगा बौद्ध आहे हीच अडचण आहे, हे एका बौद्धाच्या घरी, तिच्या हातचे जेवून, तिच्याच नवऱ्यामार्फत तिला कसे सांगायचे? मला वाक्य जमेना. आक्कालाही कळले असावे. तिने डब्याचे झाकण लावले आणि म्हणाली, "ऱ्हवांदे. वडे बरे झालेत म्हणान सांग."

ते मी सांगितले.

परतताना निमलने आधी गाडीतले गाणे बंद केले. मग त्याने विचारले, "मुलीच्या आईला मुलगा पसंत नाही का?"

"मुलगा पसंत आहे," मी म्हणालो.

"मग जात?"

मी हो म्हणालो. दुबईत हिंदुस्थानी माणसांबरोबर एका खोलीत राहिलो आहे, मला माहीत आहे, असे तो म्हणाला. मग स्वतःहून म्हणाला, "आमच्याकडेही आहे. देवळात नाही म्हणतात, पण लग्नाच्या जाहिरातीत छापतात. चंद्राच्या वडिलांनी पहिला नातू होईपर्यंत माझ्याशी बोलणे टाकले होते."

"काय म्हणता तो?" मागून आक्का.

मी सांगितले. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "म्हणजे सगळीकडे एकच."

"मग बोलले तरी ना?" सुलभाने विचारले. निमल हसला. आता सासरा वर्षातले सहा महिने त्याच्याच घरी राहतो म्हणे, आणि टीव्हीवरची क्रिकेटची मॅच लावायला त्यालाच हाका मारतो.

पिंपळाखाली

शेवटच्या सकाळी आम्ही ज्याच्यासाठी लोक इथे येतात त्या झाडाकडे गेलो. अशोकाची मुलगी संघमित्रा गयेच्या बोधिवृक्षाची फांदी घेऊन समुद्रापार आली आणि ती इथे लावली, तेच हे झाड, अशी श्रद्धा आहे. निमलने हे सांगितले तेव्हा आक्काने दोन प्रश्न विचारले.

"बापसान चेडवाक धाडल्यान? इतक्या लांब?"

"हो."

"मगे ती परत गेली?"

"नाही. इथेच राहिली. इथेच वारली."



झाड पाहून प्रथम निराशा होते, हे प्रामाणिकपणे सांगतो. आमच्याकडे पारावर याच्या तिप्पट घेराचे पिंपळ आहेत. हे झाड उंच चौथऱ्यावर, सोनेरी कुंपणात, आणि त्याच्या वाकलेल्या फांद्यांना सोनेरी टेकू दिलेले, म्हाताऱ्या माणसाला दोन्ही बाजूंनी धरून उभे केल्यासारखे. खालच्या वाळूच्या अंगणात त्याच जातीची आणखी झाडे. लोक मडक्यांतून पाणी आणून त्यांच्या मुळाशी घालतात, कमळे ठेवतात, आणि मग वाळूत बसून राहतात. मुकाट्याने बसलेली इतकी माणसे मी कुठल्याच देवळात पाहिली नव्हती. घंटा नाही, रेटारेटी नाही. मधूनच एखादे पान गळते आणि आसपासचा कुणीतरी ते उचलून कपाळाला लावून रुमालात ठेवतो. झाडाचे पान तोडायचे नाही, गळलेले मिळाले तर भाग्य, असे निमलने सांगितले आणि तो दिवे लावायला गेला.

आक्काने वर पाहिले. मग एक फांदी हेरून तिच्याखाली वाळूत मांडी घातली आणि आम्हाला दोन्ही बाजूंनी सरकवले.

"काय करतंस?" मी विचारले.

"गाऱ्हाणा घालतंय. हंय मालवणी कोणाक कळता?"

मला तिचा बेत कळला. हो म्हणावे की नको, ते कळेना. मी म्हणालो, "आक्का, हे काय आपले गावदेव नव्हेत. इथे कौल देत नाहीत."

"इतकी माणसा हात जोडून बसली हत, ती काय झाडाची सावली खावक? तू ‘व्हय’ म्हण म्हणजे झाला."

गाऱ्हाणे घालताना जवळच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणावे लागते, नाहीतर ते पोचत नाही. आक्काने पदर डोक्यावरून घेतला, हात जोडले, आणि भरड्या, स्पष्ट आवाजात सुरू केले.

"बा म्हाराजा, मी मसुऱ्याची. तू माका वळखणस नाय, मी तुका वळखणंय नाय."

"व्हय म्हाराजा."

"चेडू माझा एकटा. तेना मन घातला हा तो झील बरो आसा, तां मी तुझ्यासमोर खोटा बोलूचंय नाय."

"व्हय म्हाराजा."

"माका काय सुदरणा नाय. उजव्या हाताक पान सोडलंस तर मी व्हय म्हणतलंय. डाव्या हाताक सोडलंस तर नाय म्हणतलंय. काय तो निकाल दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आम्ही दोघे म्हणालो. शेजारी बसलेल्या माणसांनी माना वळवून पाहिले. हे आपल्या देशातली प्रार्थना म्हणत आहेत असे समजून एका म्हातारीने सरकून आम्हाला जागाही करून दिली.

मग वाट बघणे. पिंपळाचे पान गळणार असे वाटते तेव्हा गळत नाही. देठावर सळसळते, वळते, पुन्हा सरळ होते. एक पान सुटले ते थेट आक्काच्या पाठीमागे पडले.

"हा धरूचा?" सुलभाने विचारले.

"पाठी म्हणजे पाठी. उजवा-डावा नाय तां."

दुसरे समोर आले, पण वाऱ्याने भरकटत दूर एका पोरीच्या डोक्यावर जाऊन बसले. तिसरे उजवीकडे येता येता शेजारच्या माणसाने अधांतरीच झेलले. आक्काचा श्वास ऐकू आला. कुणी मधेच झेललेला कौल धरायचा की नाही, यावर आम्हा तिघांत कुजबुजत चर्चा झाली आणि धरायचा नाही असे ठरले. ऊन वर आले. सुलभाचे पाय आखडले. आक्का हलायला तयार नव्हती. तिचे डोळे वर लागले होते, आणि चेहऱ्यावर असा ताण, की मला त्या झाडाचा राग येऊ लागला.

आम्हाला जागा करून देणारी म्हातारी हे सगळे बघत होती. ती जवळ आली, कमरेचा रुमाल सोडला, त्यातले एक पान दोन्ही हातांच्या ओंजळीत धरून आक्कापुढे केले.

आक्का गोंधळली. नाही म्हणायचे तर अपमान, म्हणून तिने दोन्ही हात पुढे केले आणि पान घेतले. इतक्यात निमल आला. म्हातारी त्याच्याशी बोलली.

"ती म्हणते, तुम्ही इतका वेळ पानासाठी बसलात. तिला सकाळीच मिळाले. तुम्ही घ्या."

"तेना कोणासाठी ठेवलेला?" आक्काने विचारले.

प्रश्न गेला, उत्तर आले. तिची मुलगी कुवेतला कुणाच्या घरी कामाला आहे. पुढच्या खेपेला आली की तिच्या उशाखाली ठेवणार होती.

आक्काने पान उलटसुलट करून पाहिले. "मी माझ्या चेडवासाठी दुसऱ्याच्या चेडवाचा पान घेवन जाव?" ती उठली, म्हातारीचा रुमाल हातात घेतला, पान त्यात ठेवले, आणि रुमालाची गाठ स्वतः मारून परत दिला. म्हातारी नको नको म्हणत होती. आक्काने तिच्या गालावरून हात फिरवला आणि कपड्यांवरची वाळू झटकली.

"काय ठरला मगे?" मी विचारले.

"काय ठरतला? कौल अडलो."

आम्ही फाटकाकडे चालू लागलो. सुलभा थोडे अंतर गेल्यावर म्हणाली, "आक्कानू, एक विचारू? राग धरू नकात."

"विचार."

"काल चंद्राच्या घराक जेवलात. तिसरो तुकडो मागान घेतलात. तेव्हा कोणाक कौल लावलात?"

"तां येगळा. हंय आपणाक कोण बघता?"

"म्हणजे देवाक विचारूचा नाय हा. बघतत तेंका विचारूचा हा."

आक्का थांबली. सुलभाकडे तिने असे पाहिले, की मी मधे पडायच्या तयारीत होतो. "तू लय शाणी," ती म्हणाली आणि एकटीच पुढे गेली. गाडीत ती पुढच्या सीटवर, निमलच्या शेजारी बसली. दुपारचे जेवण तिने सुलभाशी एक शब्द न बोलता केले. नंतर आम्ही एक लेणे-देऊळ पाहिले, तळ्यावर गेलो, लोक आंघोळी करत होते ते बघितले. कशातच कुणाचे लक्ष नव्हते. निमलने दोनदा गाणी लावली आणि दोनदा बंद केली.

संध्याकाळी गेस्टहाऊसच्या ओटीवर सुलभा सामान बांधत होती. आक्का आली, चंद्राने दिलेला वड्यांचा डबा तिच्या हातात ठेवला. "ह्यो वर ठेव. खाली चेपतलो." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मेघनाक फोन लाव."

मी लावला आणि फोन तिच्या हातात दिला. मेघना पडद्यावर दिसली.

"आये, कसा वाटला?"

"बरा आसा. ऐक. संदेशाच्या आवशीक सांग, पुढच्या आयतवारी आमी येतलव. मी, मामा आणि मामी."

चित्र अडकले की काय म्हणून मी वाकून पाहिले. अडकले नव्हते.

"कशाक?" ती शेवटी म्हणाली.

"कशाक म्हणान काय विचारतस? सोयरीक करूक जातत कशाक?"

"आये," ती म्हणाली. "चायपाण्याचा सांगतंय तेंका."

"चाय नको. जेवक येतलव म्हणान सांग."

सुलभाचे हात बॅगेच्या चेनवर थांबले.

"जेवक," मेघना म्हणाली. "बरा. तुका काय करूक सांगू? मासे सांगू काय?"

"तां तेंका ठरवूदे," आक्का म्हणाली. "आमी पावणी."